मृत कीं निद्रित?

गेल्या वर्षीं माझ्या एका जुन्या स्नेह्यांच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झाली. त्यांचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आम्ही मित्रमंडळी त्यांना अप्पा म्हणतों. वय ६७. सारा जन्म वकिलींत गेल्यामुळें पुराव्यावांचून कांहीं एक मान्य करावयाचें नाहीं, हा त्यांचा स्वभावच होऊन बसला आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं शल्यवैद्यांनीं त्यांना पडद्यावर त्यांच्याच हृदयाचें चलच्चित्र दाखविलें. डाव्या कप्प्याची एक बाजू आकुंचन पावत होती. पुढची बाजू मात्र दगडी भिंतीसारखी स्तब्ध होती. ‘हा भाग हालत नाहीं,’ डॉक्टर म्हणाले, ‘परंतु तो सगळाच मेलेला नाहीं. बराचसा निजलेला असावा. रक्त पोहोंचलें तर जागा होईल, असा आमचा अंदाज आहे.’

परत येतांना अप्पा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग एकदम म्हणाले, ‘हालत नाहीं, काम करीत नाहीं, हांक मारली तर ओ देत नाहीं. मग मेलेला आणि निजलेला यांत अंतर तें काय राहिलें? आणि तें ठरविणारा कोण?’

प्रश्न त्यांनीं स्नायूविषयीं विचारला होता. पण ज्यांना त्यांच्या घरचा वृत्तान्त ठाऊक आहे त्यांना त्या प्रश्नांत दुसराहि एक प्रश्न ऐकूं आला असता. वडिलांच्या घराच्या विक्रीचे पैसे धाकट्या भावानें धंद्यांत घालून बुडविले, त्याला आतां अकरा वर्षें झालीं. भावानें ना क्षमा मागितली, ना हिशेब दिला. तो नुसता गप्प झाला. अप्पांनींहि त्याचें नांव टाकलें. घरांत कोणी विषय काढलाच तर ‘तो मला मेला’ एवढें म्हणून ते उठून जात. आपल्या भाषेंतील हा वाक्प्रचार आपण किती सहज उच्चारतों! त्या तीन शब्दांत आपण एका जिवंत माणसाच्या बाबतींत वैद्याचें, साक्षीदाराचें आणि न्यायाधीशाचें असें तिघांचेंहि काम एका दमांत उरकून टाकतों. ज्याचें कार्य थांबलें आहे असें दिसतें, त्याला मेलेलें समजण्याचा अधिकार आपल्याला केव्हां पोहोंचतो, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाला रोजचा व्यवहार जें उत्तर देतो तें सरळ आहे. जो काम करतो तो जिवंत. जो करीत नाहीं तो मेल्यांत जमा. फळ न देणारें झाड तोडावें, दूध न देणारी गाय विकावी, मुलें न येणारी शाळा बंद करावी, नात्याला न जागणारा भाऊ वगळावा. या न्यायाला क्रूर म्हणून हिणविणें सोपें आहे. पण तें योग्य होणार नाहीं. आपल्यापाशीं असलेला वेळ, पैसा आणि जिव्हाळा हीं सारीं मर्यादित आहेत. तीं कोठें वेंचावीं आणि कोठें वेंचूं नयेत हें ठरविण्यासाठीं कांहीं तरी खूण हवी, आणि कार्य ही सर्वांत उघड दिसणारी खूण होय. शंका एवढीच कीं, जी खूण सर्वांत उघड ती सर्वांत खरीहि असते काय? गेल्या पन्नास वर्षांत हृदयाच्या वैद्यकानें या शंकेचा जो पाठपुरावा केला, तो वैद्यांप्रमाणेंच नीतीचा विचार करणाऱ्यांनींहि ध्यानांत घेण्यासारखा आहे.

आधीं हृदयाचा संसार कसा चालतो तें पाहूं. सुमारें ३०० ग्रॅम वजनाची ही स्नायूची पिशवी दिवसाकाठीं लाखभर वेळां आकुंचन पावते आणि साऱ्या शरीराला रक्त पुरविते. परंतु तिच्या पोटांतून रक्ताचा एवढा लोट वाहत असतांहि तिच्या जाड भिंतींना त्यांतून पोषण मिळत नाहीं. त्यांना आपला वांटा महाधमनीच्या मुळाशीं फुटणाऱ्या दोन बारीक धमन्यांमधूनच घ्यावा लागतो. त्यांतहि डावा कप्पा आकुंचन पावतो तेव्हां त्याच्या भिंतींतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. त्यामुळें त्या भिंतीला रक्त मिळतें तें मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्याच्या क्षणीं. सर्वांना वाढून झाल्यावर आपलें पान घेणाऱ्या गृहिणीचीच आठवण व्हावी! शिवाय या संसारांत शिल्लक अशी फारशी नसते. शरीर एकंदरीनें रक्तांतील प्राणवायूचा सुमारें चौथा हिस्सा वापरतें. हृदयाचा स्नायु मात्र माणूस स्वस्थ बसलेला असतांहि जवळजवळ तीन-चतुर्थांश काढून घेतो. अडचणीच्या वेळीं आणखी ओढून घेऊं म्हटलें तर उरलेलें थोडें. त्याला प्रवाहच वाढवून मिळावा लागतो.

हा प्रवाह दोन प्रकारांनीं बंद पडतो. एक प्रकार आकस्मिक. धमनी एकाएकीं तुंबली म्हणजे तिच्यापुढचा स्नायु मरूं लागतो. तोहि एका क्षणांत मरत नाहीं. रायमर आणि जेनिंग्ज यांनीं १९७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या, कुत्र्यांवरील प्रयोगांवरून असें दिसून आलें कीं, मरण आंतल्या थरांत प्रथम शिरतें आणि लाटेप्रमाणें बाहेरच्या थराकडे सरकत जातें. त्याला कांहीं तास लागतात. म्हणूनच हृदयविकाराच्या झटक्यांत घटकाघटकेला मोल असतें. जें मेलें त्याच्या जागीं वण तयार होतो, आणि वण आकुंचन पावत नाहीं. नवीन स्नायु निर्माण होत नाहीं काय? होतो, परंतु अत्यंत मंदपणें. अणुबाँबच्या चांचण्यांमुळें हवेंत मिसळलेल्या किरणोत्सर्गी कार्बनाचा मागोवा घेऊन स्वीडनमधील संशोधकांनीं २००९ सालीं असें अनुमान काढलें कीं, पंचविशींत वर्षाला सुमारें एक टक्का, तर पंचाहत्तरींत अर्ध्या टक्क्याहूनहि कमी पेशी नव्या होतात. हृदयाचे जे भाग मेले ते व्यवहारतः गेलेच.

दुसरा प्रकार सावकाश होणाऱ्या उपासमारीचा. धमनी वर्षानुवर्षें अरुंद होत जाते. रक्त येतें, पण पुरेसें येत नाहीं. अशा वेळीं स्नायु काय करतो? प्रथम पुष्कळ वैद्यांची समजूत अशी होती कीं, जी भिंत कायमची हालेनाशी झाली ती मेली, तिचा वण झाला. आणि वणाला रक्त पुरवून उपयोग तो काय? परंतु बायपास शस्त्रक्रिया रूढ झाल्यावर एक चमत्कारिक अनुभव येऊं लागला. जिची आशा सोडून दिली होती ती भिंत रक्त मिळाल्यावर कांहीं रोग्यांत पुन्हा हालूं लागली! मुंबईंत जन्मलेले आणि पुढें अमेरिकेंत लॉस एंजलिस येथें अध्यापन केलेले हृदयरोगतज्ज्ञ शहाबुद्दीन रहिमतुला यांनीं १९८५ मध्यें आणि पुन्हा १९८९ मध्यें या अवस्थेचें विवेचन करून तिचें नांव वैद्यकांत रुजविलें. तें नांव म्हणजे शीतनिद्रा. बर्फाळ प्रदेशांतील प्राणी हिंवाळ्यांत अन्न मिळेनासें झालें कीं बिळांत शिरून, श्वास आणि नाडी मंद करून पडून राहतात. तसाच हा स्नायु उत्पन्न घटलेलें पाहून आपला खर्च आंखडता घेतो. आकुंचनाचें महागडें काम तो सोडतो आणि केवळ जीव धरून राहण्यापुरतें खातो. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें असतां अशा पेशींतील आकुंचनाचे तंतू कमी झालेले आणि त्या जागीं साखरेचा सांठा जमलेला दिसतो. त्यांचें रूप कांहीं अंशीं गर्भांतील पेशींसारखें होतें. अवस्थेची ही मीमांसा सर्वांना जशीच्या तशी मान्य आहे असें नाहीं. प्रवाह पुनःपुन्हा अडून बसणाऱ्या धक्क्यांचा तो परिणाम असावा, असें म्हणणारेहि आहेत. पण कार्य थांबलें म्हणजे प्राण गेला असें नव्हे, हा मुख्य सिद्धान्त आतां वादातीत आहे.

मग निजलेलें कोणतें आणि मेलेलें कोणतें हें ओळखावें कसें? अप्पांच्या वकिली प्रश्नाला वैद्यांनीं अनेक उत्तरें शोधलीं आहेत. एका पद्धतींत रक्त जेथें कमी पोहोंचतें तेथेंहि साखर शोषली जाते कीं नाहीं तें पाहतात. जो खातो तो जिवंत. दुसऱ्या पद्धतींत चुंबकीय यंत्रानें वण उजळून दिसेल असें द्रव्य टोंचून भिंतीच्या जाडीचा किती भाग वणानें व्यापला आहे तें मोजतात. अर्ध्याहून अधिक व्यापला असेल तर ती भिंत पुन्हा हालण्याचा संभव थोडा. परंतु मला सर्वांत विचार करावयास लावणारी वाटली ती तिसरी कसोटी. तींत डोब्युटामीन नांवाचें उत्तेजक औषध शिरेंतून थेंबाथेंबानें देतात आणि त्याच वेळीं भिंतीचें चित्र पाहतात. मात्रा अगदीं थोडी असतांना निजलेली भिंत किंचित् हालूं लागते. मात्रा वाढवीत नेली कीं तीच भिंत पुन्हा थिजते. कारण वाढलेल्या कामाला पुरेल एवढें रक्त तिच्यापाशीं नसतें. थोड्या प्रोत्साहनानें जागें होणें आणि अधिक रेट्यानें पुन्हा गप्प होणें, ही जी दुहेरी खूण, तीच पुढें सुधारणा होण्याची चांगली साक्ष समजली जाते. मेलेल्या भिंतीला थोडें दिलें काय आणि फार दिलें काय, सारखेंच.

शिक्षक, आईबाप आणि अधिकारी यांना या प्रयोगांतून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. वर्गांत मागच्या बांकावर बसून कधींहि तोंड न उघडणाऱ्या मुलाची परीक्षा आपण बहुधा मोठ्या मात्रेनें घेतों. सर्वांच्या देखत उभें करतों, कठीण प्रश्न घालतों, आणि तो थिजला कीं ‘याच्यांत कांहीं नाहीं’ असा शेरा मारून मोकळे होतों. वस्तुतः एवढ्यानें सिद्ध इतकेंच होतें कीं मोठी मात्रा त्याला झेपली नाहीं. लहान मात्रा आपण देऊनच पाहिलेली नसते.

आणखी एक भेद येथें सांगितला पाहिजे. ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनीं १९८२ सालीं सुन्न झालेल्या स्नायूचें वर्णन केलें. यांत रक्ताचा प्रवाह पूर्ववत् झालेला असतो, पेशी जिवंत असतात, आणि तरीहि कांहीं काळ भिंत हालत नाहीं. बायपासच्या वेळीं बहुधा पोटॅशियमयुक्त द्रावानें हृदय मुद्दाम थांबवितात आणि तेवढा वेळ रक्त फिरविण्याचें काम यंत्रावर सोंपवितात. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी त्यानंतर पहिले कांहीं तास हृदय पूर्वीपेक्षांहि दुबळें असूं शकतें. सुन्न झालेला भाग तासांत किंवा दिवसांत सांवरतो. शीतनिद्रेंतला भाग सांवरावयास आठवडे, महिने, कधीं वर्षहि लागतें, कारण त्याला आपले हरवलेले तंतू पुन्हा विणावयाचे असतात. म्हणून उपकार केल्याच्या दुसऱ्याच दिवशीं त्याचें फळ मोजूं नये. आपण मात्र नेमकें हेंच करतों. बऱ्याच वर्षांनीं एखाद्याच्या दाराशीं जातों, एक गोड शब्द बोलतों, आणि तो लगेच विरघळला नाहीं तर ‘पाहिलेंत ना!’ म्हणत परत फिरतों.

इतकें वाचून कोणी म्हणेल कीं, हें सारें ठीक. कसोट्या आहेत तर त्या लावाव्यात, जें जिवंत ठरेल त्याला रक्त द्यावें आणि जें मेलेलें ठरेल त्याचा नाद सोडावा. येथवर विज्ञान आणि व्यवहार यांची वाट एकच दिसते. परंतु विज्ञानानें स्वतःच्याच या कल्पनेची परीक्षा घेतली तेव्हां त्याला जें उत्तर मिळालें तें अपेक्षेहून निराळें होतें. अतिशय दुर्बल हृदयाच्या १२१२ रोग्यांचे दोन गट पाडून, एकाला उत्तम औषधें आणि दुसऱ्याला औषधांसह बायपास, अशी तुलना अनेक देशांत मिळून करण्यांत आली. तिला ‘स्टिच’ असें नांव आहे. २०११ सालीं तिचा पहिला निष्कर्ष आला. सुमारें पांच वर्षांच्या हिशेबांत, एकूण मृत्यूंच्या बाबतींत दोन्ही गटांत निर्णायक असें अंतर दिसलें नाहीं. उलट आरंभींच्या काळांत शस्त्रक्रियेचाच धोका अधिक होता. परंतु २०१६ सालीं दहा वर्षांचा हिशेब झाला तेव्हां औषधांच्या गटांत शंभरांतील सुमारें ६६, तर शस्त्रक्रियेच्या गटांत सुमारें ५९ दगावलेले आढळले. म्हणजे लाभ होता, पण तो दिसावयास दहा वर्षें वाट पाहावी लागली.

याच पाहणींतील ६०१ रोग्यांची, स्नायु जिवंत आहे कीं नाहीं, अशीहि तपासणी झाली होती. ४८७ जणांत जिवंत स्नायु पुरेसा आढळला, ११४ जणांत नाहीं. तर्क असा कीं, पहिल्यांना शस्त्रक्रियेचा लाभ व्हावा आणि दुसऱ्यांना होऊं नये. प्रत्यक्षांत शस्त्रक्रियेचा लाभ या भेदावर अवलंबून असल्याचें दिसून आलें नाहीं. २०१९ सालीं दहा वर्षांच्या निरीक्षणानंतरहि तोच निष्कर्ष कायम राहिला. ज्यांच्यांत जिवंत स्नायु होता त्यांच्या हृदयाची शक्ति सुधारली खरी, पण ती शस्त्रक्रिया झालेल्यांची सुधारली तशी केवळ औषधें घेणाऱ्यांचीहि सुधारली. याचा अर्थ काय लावावा याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. दुसरा गट लहान होता, कसोट्या त्या काळच्या होत्या, असे आक्षेप घेतले जातात आणि ते विचारार्ह आहेत. उलटपक्षीं, प्रवाह मोकळा केला कीं सारें साधलें, असाहि भाबडा सिद्धान्त कोणी काढूं नये. २०२२ सालीं अशाच ७०० दुर्बल हृदयांच्या रोग्यांत, धमनी फुगवून जाळी बसविण्याच्या उपचाराचा औषधांहून अधिक लाभ दिसला नाहीं. आणि ते रोगी तर जिवंत स्नायु असल्याची खात्री करूनच निवडले होते. एवढें मात्र यांतून स्पष्ट होतें कीं, ‘हा जागा होईल, हा होणार नाहीं’ अशी जी रेघ आपण मोठ्या विश्वासानें ओढतों, ती आपल्याला वाटते तितकी पक्की नाहीं. भिंत जागी होईल किंवा न होईल. परंतु तिच्या शेजारचा अजून हालणारा भागहि त्याच प्रवाहावर जगत असतो, आणि मदतीचा लाभ कोणत्या वाटेनें कोणाला पोहोंचेल हें आधीं सांगतां येत नाहीं.

आतां नीतीकडे वळूं. निर्णय चुकण्याचे प्रकार दोन. मेलेल्याला निजलेला समजणें हा एक. निजलेल्याला मेलेला समजणें हा दुसरा. व्यवहारी माणूस पहिल्या चुकीला फार भितो, कारण तींत श्रम फुकट जातात आणि जगांत हंसें होतें. दुसऱ्या चुकीचें त्याला भय वाटत नाहीं, कारण ती चूक कधीं उघडकीसच येत नाहीं. ती उघडकीस कां येत नाहीं, हें नीट पाहिलें पाहिजे. शीतनिद्रा ही अमर नसते. रक्ताविना फार काळ पडून राहिलेला स्नायु हळूहळू खंगतो, पेशी मरतात, वण वाढतो. शस्त्रक्रियेस जितका उशीर तितकी सुधारणेची आशा कमी. म्हणजे निजलेल्याला मेलेला समजून आपण पाठ फिरविली कीं कालांतरानें तो खरोखरच मरतो, आणि मग आपण म्हणतों, ‘मी सांगत नव्हतों?’ ‘मेला’ हा निर्णय असा विलक्षण आहे कीं तो आपला पुरावा आपणच निर्माण करतो. एखाद्या न्यायाधीशानें आरोपीला फांशीं द्यावें आणि मग त्याचें मौन हाच त्याच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून पुढें करावा, त्यांतलाच हा प्रकार. जो निर्णय स्वतःला खरा करून घेतो त्याच्या खरेपणाचा अभिमान धरण्यांत अर्थ नाहीं. ज्या दोन चुकांपैकीं एक दुरुस्त होऊं शकते आणि दुसरी होऊं शकत नाहीं, त्यांपैकीं कोणती पत्करावी हें सांगावयास फारसें तत्त्वज्ञान लागूं नये.

या विचारावर एक आक्षेप बलवान आहे. स्नायु निरपराध असतो. त्याला रक्त मिळालें नाहीं म्हणून तो निजला. माणसाचें तसें नाहीं. माणसाला इच्छा आहे, जबाबदारी आहे. त्याचें मौन हें कित्येकदां उपासमारीचें नसून लबाडीचें असतें. अप्पांच्या भावानें पैसे बुडविले ते कोणती धमनी तुंबली म्हणून? हा भेद मला मान्य आहे. आणि म्हणूनच क्षमा, हिशेब आणि विश्वास या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें विसरतां कामा नये. भावाला पुन्हा पैसे सोंपविणें हा शहाणपणा होणार नाहीं. तो त्याच्या हृदयावर मोठ्या मात्रेचा प्रयोग होईल. बुडालेल्या पैशांचा हिशेब मागण्याचा अप्पांचा हक्कहि कोणी नाकारूं नये. परंतु अपराधाबद्दल जबाबदार धरणें हें जिवंत माणसाच्याच बाबतींत शक्य असतें. ज्याला आपण ‘मेला’ म्हटलें त्याच्याकडून हिशेब घेण्याचाहि हक्क आपण त्याच शब्दासरशीं गमावून बसतों. अपराधी समजणें हा माणसाचा एक प्रकारें मानच आहे. मेलेला समजणें हा नव्हे.

दुसरा आक्षेप मर्यादेचा. जगांत निजलेले पुष्कळ. माझ्या अंगचें रक्त किती जणांना पुरणार? हेंहि खरें आहे. बायपासमध्यें पायांतील शीर किंवा छातीच्या आंतील धमनी काढून वळणाची वाट बांधतात. त्या वाहिन्या मोजक्याच असतात आणि कोणत्या भिंतीकडे त्या न्यावयाच्या हें शल्यवैद्याला ठरवावेंच लागतें. निवड टाळतां येत नाहीं. परंतु ‘माझ्याच्यानें होत नाहीं’ असें म्हणणें आणि ‘तो मेलेला आहे’ असें म्हणणें यांत मोठा फरक आहे. पहिल्यांत आपल्या मर्यादेची कबुली आहे. दुसऱ्यांत ती मर्यादा आपण दुसऱ्याच्या माथीं मारतों. जेथें मदत करतां येत नाहीं तेथें निदान खोटा मृत्युलेख तरी लिहूं नये.

या शस्त्रक्रियेच्या जनकाची कथाहि येथें आठवते. रेने फावालोरो हा अर्जेंटिनांतील एका सुताराचा मुलगा. बारा वर्षें खेड्यांत वैद्यकी करून तो अमेरिकेंत क्लीव्हलंडला गेला आणि तेथें १९६७ च्या मे महिन्यांत त्यानें पायांतील शीर वापरून बायपासची पद्धति सुरू केली. तत्पूर्वीं इतरांनींहि तुरळक प्रयत्न केले होते. पण ती सर्वत्र रूढ झाली ती त्याच्या कामामुळें. पुढें वैभव सोडून तो मायदेशीं परतला, गरीब-श्रीमंत असा भेद न करतां उपचार करणारी संस्था त्यानें उभारली. देशाच्या आर्थिक अडचणींत ती कर्जांत बुडाली. येणीं अडकून पडलीं, मदतीसाठीं त्यानें पत्रें लिहिलीं, आणि वेळेवर मदत आली नाहीं. २९ जुलै २००० रोजीं त्यानें स्वतःच्या हृदयांत गोळी झाडून घेतली. अशा मरणाचें कारण एकच असतें असें मानण्याचें धाडस कोणी करूं नये. पण ज्यानें हजारोंच्या हृदयांपर्यंत वाट काढून दिली, त्याच्यापर्यंत वाट काढण्याचें इतरांना साधलें नाहीं, ही गोष्ट मनाला लागून राहते.

शेवटीं वणाविषयीं बोललें पाहिजे; नाहीं तर हा सारा उपदेश खोट्या आशेचा होईल. बायपास अडथळा काढून टाकीत नाहीं. त्याला वळसा घालते. धमन्यांना जडलेला मूळ रोग कायमच राहतो. पायांतील शिरेची वाट दहा वर्षांत निम्म्यांच्या आसपास बंद पडते किंवा खराब होते. छातींतील धमनीची वाट बहुधा टिकते. जें निजलें होतें तें जागें होईल, जें मेलें तें होणार नाहीं, आणि दोहोंच्या सीमेवर जें होतें त्याचें काय होतें तें कळावयास काळ जावा लागेल. ‘पूर्ववत्’ हा शब्द रुग्णालयांतून घरीं येतांना दाराबाहेरच ठेवावा. पुष्कळ घरांत शस्त्रक्रियेनंतरचें दुःख हें दुखण्याचें नसतें. तें या शब्दाचें असतें. तोच नवरा, तोच बाप परत मिळेल असें सर्वांनीं धरलेलें असतें. येतो तो लौकर दमणारा, लौकर डोळ्यांत पाणी येणारा, कधीं चिडणारा माणूस. त्याच्यांतला वण मान्य केला म्हणजेच त्याच्यांतला जिवंत भाग नीट दिसूं लागतो. नात्यांचेंहि असेंच असावें.

अप्पांच्या शस्त्रक्रियेला सहा महिने झाल्यावर पुन्हा इको काढला. डाव्या कप्प्यांतून दर ठोक्यास बाहेर पडणारें रक्त पूर्वीं शंभरांत २८ भाग होतें, तें ३७ झालें. पुढची भिंत हालूं लागली आहे. टोंक मात्र तसेंच निश्चल आहे आणि तें तसेंच राहणार, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें. पर्वतीच्या पायऱ्या ते निम्म्यापर्यंत चढतात, बसतात, आणि उतरतात. देवदर्शन अजून झालेलें नाहीं.

त्या मधल्या काळांत केव्हां तरी त्यांनीं भावाला फोन केला होता. मला हें बऱ्याच उशिरां कळलें. पैशांचा विषय त्यांनीं काढला नाहीं. ‘ऑपरेशन झालें, बरा आहें’ एवढेंच सांगितलें. पलीकडून ‘बरें झालें’ असें उत्तर आलें आणि फोन बंद झाला. तीन आठवड्यांनीं भाऊ एका रविवारीं येऊन तासभर बसून गेला. बहुतेक वेळ दोघेहि गप्पच होते म्हणतात. त्यानंतर तो आणखी दोनदां आला. दिवाळींत आला नाहीं.

परवां पायऱ्यांवर टेकलों असतां मीं धीर करून विचारलें, ‘मग अप्पा, भावाविषयीं काय ठरविलेंत?’

त्यांनीं घाम पुसला आणि जुन्या संवयीनें म्हणाले, ‘निकाल राखून ठेवला आहे.’

अकरा वर्षांपूर्वीं एका वाक्यांत दिलेला निकाल त्यांनीं मागें घेतला, एवढें मला त्या दिवसापुरतें पुरेसें वाटलें.